न गळणारा व्हॉल्व्ह

पेणच्या एका हार्डवेअरवाल्याने मला फसवले आणि मी रोह्याजवळच्या एका म्हातारीला फसवले. त्याने जाणूनबुजून, मी न जाणता. पण ज्या सुनेचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला, तिला हा फरक समजावून सांगायला मी गेलो तेव्हा तिने तोंड फिरवले. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

दुकानदाराचे नाव मी लिहिले होते. संपादकांनी खोडले. पुरावा नसताना नाव छापता येत नाही म्हणाले. पुरावा का नाही तेही पुढे येईल, आणि तिथे माझीच अब्रू जाणार आहे. तर त्याला इथे नुसते शेठ म्हणतो. तसाही वीस वर्षे मी त्याला शेठच म्हणत आलो.

मी प्लंबर. पेणपासून रोह्यापर्यंत लोक मला दत्ता प्लंबर म्हणतात. बाप मिठागरावर होता. मी डोलवीला एका कंत्राटदाराच्या हाताखाली पाइप उचलता उचलता आटे पाडायला शिकलो, मग जोडायला, मग भांडायला. कागदावर माझ्याकडे काही नाही. जे आहे ते हातात आहे आणि तोंडात आहे. माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडे समजावतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

तुमच्या आजोळी तांब्याचा बंब असेल. खाली जाळ, मध्ये धुराडे, भोवती पाणी. त्या बंबाचे वरचे तोंड उघडे असायचे. पाणी फार तापले तर वाफ वर जायची, उतू गेले तर न्हाणीत सांडायचे. बंबाने कधी कुणाचे घर उडवले नाही, कारण त्यात पाणी कोंडलेले नव्हते. विजेच्या गिझरमध्ये पाणी कोंडलेले असते. टाकी सगळीकडून बंद. थंड पाणी आत शिरते त्या वाटेवर एक झडप असते, ती पाण्याला आत येऊ देते, मागे जाऊ देत नाही. आणि पाणी तापले की फुगते, हे लोकांना पटतच नाही. पन्नास लिटरची टाकी अंघोळीपुरती तापली की तांब्याभर पाणी वाढते. टाकी मोठी होत नाही, पाणी मागे जात नाही. मग तो तांब्याभर जादा माल जाणार कुठे?

त्यासाठी टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पितळेचा, अंगठ्याएवढा. आत स्प्रिंग. दाब वाढला की तो स्वतःहून उघडतो, थोडे पाणी बाहेर सोडतो आणि पुन्हा मिटतो. म्हणजे टाकी तापताना तो ठिबकतो. ठिबकणे हेच त्याचे काम. टाकीत आणखी दोन पहारेकरी असतात. एक थर्मोस्टॅट, पाणी पुरेसे तापले की वीज तोडणारा. तो बिघडला तर त्याच्यामागे कटआउट. दोघेही विजेचे, त्यामुळे दोघेही वायरमनच्या हातातले. तिसरा हा व्हॉल्व्ह, तो माझ्या हातातला. मराठीत म्हणतात ना, नाक दाबले की तोंड उघडते. व्हॉल्व्ह हे टाकीचे नाक. ते दाबले की टाकी तोंड उघडते, आणि कुठे उघडेल ते सांगता येत नाही.

पण हे गिऱ्हाइकाला सांगून बघा. गिऱ्हाईक पैसे मोजून नवा गिझर घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यातून पाणी ठिबकताना बघते. पेणमध्ये एका निवृत्त गुरुजींनी मला फोनवर प्लंबर या शब्दाचा अर्थ विचारला होता. म्हणाले, गळती थांबवणाऱ्याला प्लंबर म्हणतात असा माझा समज होता. एका बाईंनी सांगितले की नळ गळला की घरातली लक्ष्मी जाते, तेव्हा एक तर गळणे घालवा नाही तर गिझर. एकाने तर व्हॉल्व्हच्या तोंडात सागाची खुंटी ठोकून त्यावर टॉवेल वाळत घातला होता. मी ती उपटली, त्याला पोटभर शिव्या दिल्या, आणि ते गिऱ्हाईक गमावले.

शिव्या देऊन देऊन माणूस थकतो. थकल्यावर मी काय केले ते सांगतो. ज्याचा व्हॉल्व्ह जास्त ठिबकतो त्याचा काढायचा, शेठच्या काउंटरवर आपटायचा आणि बदली मागायची. शेठ कधी नाही म्हणाला नाही. गळके व्हॉल्व्ह तो काउंटरखालच्या बांबूच्या टोपलीत टाकायचा. मीच नाही, तालुक्यातले सगळे प्लंबर आणायचे. आणि त्या व्हॉल्व्हमध्ये निम्मे अगदी चांगले असायचे. ते त्यांचे काम करत होते, एवढाच त्यांचा गुन्हा.

आता रोह्याची गोष्ट.

रोह्याच्या अलीकडे नदीकाठच्या एका गावात नईमभाईचे घर आहे. नईमभाई आखातात एका मोठ्या हॉटेलच्या देखभालीत वीस वर्षे होता. सुट्टीवर आला तेव्हा मागच्या न्हाणीत पन्नास लिटरची टाकी बसवायची होती, तिथून पाइपाने गरम पाणी मोरीत आणि वरच्या खोलीत. टाकी त्याने स्वतः निवडून आणली होती. घरात त्याची आई सकीनाखाला, बायको रेहाना आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मी भाव करायच्या तयारीने गेलो आणि पहिल्याच तासाला माझी जिरली. त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त येत होते.

गरम पाण्याला पिवळट सीपीव्हीसी पाइप, हे मलाही ठाऊक होते. पण टाकीपासूनचा पहिला हातभर पाइप त्याला धातूचा हवा होता. व्हॉल्व्हच्या तोंडाचा पाइप तर पूर्ण धातूचा, सरळ खाली उतरणारा, कुठेही वर न वळणारा, व्हॉल्व्हच्या भोकापेक्षा बारीक न होणारा. त्याचे टोक न्हाणीच्याच मोरीवर, जमिनीपासून वीतभर वर, दिसेल असे. टाकी आणि व्हॉल्व्हच्या मध्ये नळ नाही, पाइपाच्या टोकालाही नळ नाही. मी म्हणालो, एवढ्याशा ठिबकण्याला धातू कशाला, थंड पाण्याचा पांढरा पाइप लावतो, तुमचाच खर्च वाचेल. तो हसला. म्हणाला, "दत्ताभाई, घासाघीस करायची तं माझ्याशी कर. पाण्याशी नको करू. पाणी ऐकत नाय."

मग त्याने मला समजावले. थर्मोस्टॅट बिघडला तर त्या पाइपातून ठिबक येणार नाही, उकळते पाणी येईल. पांढरा पाइप त्या पाण्याने मऊ होतो, वाकतो आणि मिटतो. म्हणजे ज्या क्षणी वाट हवी त्याच क्षणी वाट बंद. इतकी वर्षे मी लोकांच्या घरी पांढरा पाइप लावत आलो होतो. मी उठलो. धातूचा पाइप आणायला रोह्याला गेलो.

काम सुंदर झाले. आजवर केलेल्या कामांत मी ते पहिले धरतो. सकाळी टाकी चालू केली की पाइपाच्या टोकाला थेंब यायचा, मग दुसरा. सकीनाखालांना त्या ठिबकण्याचे वाईट वाटले. पाणी फुकट घालवणे गुनाह आहे म्हणाल्या, याला तोटी लाव, पाहिजे तेव्हा उघडू. नईमभाईने आईपुढे हात जोडले आणि तोटी लावायची नाही म्हणून सांगितले. मग त्यांनीच तोड काढली. त्या पाइपाखाली तांब्या ठेवायच्या. टाकी तापेपर्यंत तो भरत यायचा आणि त्या कोमट पाण्याने नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करायच्या. मी जोड तपासायला पुन्हा गेलो तेव्हा मला म्हणाल्या, "तुझा पाइप रोज रडतो रं. पन माझ्या कामाचा रडतो."

नईमभाई परत आखातात गेला. दोन वर्षे काही तक्रार नव्हती. त्या गावात बोअरचे पाणी आहे, क्षाराचे. व्हॉल्व्हच्या बैठकीवर, तो जिथे मिटतो तिथे, क्षाराचा थर साचला आणि व्हॉल्व्ह मिटेनासा झाला. थेंबाची धार झाली, टाकी बंद असतानाही. रेहानाने फोन केला. सासूसारखी ती शांत नाही, भांडण्यात माझ्याच जातीची आहे. म्हणाली की वरची पाण्याची टाकी रोज रिकामी होते, आज येऊन बदला नाही तर दुसरा बघते.

मी जाऊन तो गळका व्हॉल्व्ह काढून आणला आणि शेठच्या दुकानात गेलो. त्या दिवशी मी काय बोललो ते मला शब्दाने शब्द आठवते, कारण पुढे शेठने तेच माझ्या तोंडावर फेकले. मी काउंटरवर जुना व्हॉल्व्ह आपटला आणि म्हणालो, "शेठ, न गळणारा दे. गळणारे खूप बघितले."

शेठने खालून एक पुडके काढले. नवीन माल आहे म्हणाला, गळणार नाही ही गॅरंटी. व्हॉल्व्ह पिवळाधमक होता, हातात धरावासा. त्याने भाव सांगितला. मी निम्म्यावर आणला. शेवटी त्याने नेहमीसारखे विचारले, पक्के बिल की कच्ची चिठ्ठी? मी नेहमीसारखे म्हणालो, बिल राहू दे, भाव आणखी तोड. त्याने तोडला, आणि चिठ्ठीसुद्धा दिली नाही. दुकानातून उतरताना मला फार बरे वाटत होते. पुढचे काही महिने मी इतर घरांसाठीही तसलेच व्हॉल्व्ह नेत राहिलो.

मी तो व्हॉल्व्ह बसवला. बसवल्यावर त्याची वरची कडी उचलून पाणी येते का ते बघायचे असते. ते मी बघितले नाही. गाडी चुकेल म्हणून घाई होती. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

काही आठवड्यांनी दुसऱ्या एका गोष्टीसाठी फोन आला तेव्हा सकीनाखालांनी तो रेहानाकडून मागून घेतला. "दत्ता, आता पाइप रडत नाय रं. तांब्या कोरडा ऱ्हातो."

मी हसून सांगितले की न गळणारा बसवलाय, खाला. ऐश करा.

त्या बाईला न शिकता कळले होते ते मला धंद्यात राहून कळले नाही. पाणी रोज तापत होते, रोज तांब्याभर वाढत होते, आणि तांब्या कोरडा होता. मला त्याच क्षणी गाडी पकडायला हवी होती. पुढे काढून बघितले तेव्हा आतली एकमार्गी झडप झिजलेली सापडली. जादा पाणी तिच्यातून मागे सरकत होते, म्हणून पुढचे काही महिने निभावले.

मग थर्मोस्टॅट अडकला. पाणी फार तापायला लागले तेव्हा कटआउटने दोनदा वीज तोडली. रेहानाला वाटले टाकी बिघडली. गावातल्या वायरमनने कटआउटची दोन टोके एका वायरने जोडून दिली, आता बंद पडणार नाही म्हणाला. तोही बिचारा न बंद पडणारा गिझर देत होता. आम्ही सगळे हेच देतो. लोकांना जे खुपते ते काढून देतो.

सकाळी मुली शाळेत गेल्या होत्या. रेहाना भांडी घासत होती, तिला न्हाणीतून गुरगुर ऐकू आली, मांजर गुरकावते तशी. ती बटण बंद करायला गेली. बटण न्हाणीच्या दाराबाहेर होते म्हणून ती जिवंत आहे. तिने हात वर केला आणि टाकी खालून फाटली.

मी दुपारी पोहोचलो. वीसएक वर्षे मी पाइप फुटलेले, टाक्या गळलेल्या, छत भिजलेले बघत आलो होतो. हे त्यातले नव्हते. न्हाणीला कौले नव्हती. टाकी कौलांतून वर गेली होती आणि पलीकडच्या वाडीत चिंचेखाली उताणी पडली होती. भिंतीवरच्या फरश्या सोललेल्या. आखातातून शिकून आलेल्या माणसाने सांगितलेला आणि मी जोडलेला धातूचा पाइप मात्र भिंतीवर तसाच सरळ उभा होता, आणि आतून कोरडाठाक होता. मी तिथेच चौकटीला धरून बसलो. कोंडून तापलेले पाणी वाट मिळताच एका झटक्यात वाफ होते, घागरभर पाण्याची वाफ अख्खी न्हाणी भरून उरते, हे सगळे मला पाठ होते. पण पाठ असणे आणि चिंचेखाली टाकी बघणे यात फार अंतर आहे.

रेहानाला इस्पितळात नेले होते. सकीनाखाला ओट्यावर बसल्या होत्या. मला वाटले शिव्या देतील, मी तयार होतो. त्यांनी हळू आवाजात विचारले, "दत्ता, तू काय बसवलास रं?"

काय बसवले ते मलाच ठाऊक नव्हते.

टाकीच्या अंगावरून मी तो व्हॉल्व्ह काढला आणि फडक्यात गुंडाळून घरी आणला. ओटीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो. माझी बायको सुमन चहा घेऊन आली. तिने माझा हात धरला आणि अंगठा उजेडात नेला. अंगठ्यावर सोनेरी डाग होता.

"पितळ असा बोटाला लागतो काय?" ती म्हणाली.

मी म्हणालो, तापला होता, काहीतरी उतरले असेल. ती हसली नाही. आमच्याकडे गणपतीच्या आधी चार महिने प्रत्येक घरात कुणी ना कुणी रंगाला बसलेले असते. सुमन लग्न होऊन आल्यापासून मूर्तींचे मुकुट आणि बाजूबंद रंगवते. तिने नखाने व्हॉल्व्ह खरवडला, नखाकडे बघितले आणि म्हणाली, "अवो, हा मुकुटाचा रंग हाय."

मी व्हॉल्व्ह चिमट्यात पकडला आणि करवतीने उभा चिरला. सोनेरी रंगाखाली जुने, काळवंडलेले, क्षाराने खाल्लेले पितळ होते. आणि स्प्रिंगच्या खाली, जिथून पाणी सुटायला हवे तिथे, करड्या पुट्टीचा दगडासारखा गोळा. पाइपाला भेग पडली की आम्ही भरतो तीच पुट्टी. कडी उचलली तर वरच्या वर हलत होती, खाली कशालाच जोडलेली नव्हती. तो व्हॉल्व्ह नव्हताच. व्हॉल्व्हची मूर्ती होती.

सुमन सांगते की मी सारखे एकच म्हणत होतो, टोपली, टोपली.

सोनेरी फवारा कुणाकडे आहे हे पेणमध्ये शोधायला वेळ लागत नाही. तिसऱ्या कारखान्यात अनंता नावाचा रंगारी भेटला, माझ्याच वयाचा, भला माणूस. विचारल्याबरोबर त्याने सांगून टाकले. शेठने दोन टोपल्या आणून दिल्या होत्या, जुना माल आहे, जरा चमकव म्हणून. "मला वाटला शोभेच्या तोट्या आसतील," तो म्हणाला. मी चिरलेला व्हॉल्व्ह त्याच्या हातात दिला आणि न्हाणीत काय झाले ते सांगितले. त्याच्या समोर अर्धा रंगवलेला मुकुट होता. त्याने फवारा खाली ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा उचलला नाही, असे मला नंतर कळले.

तिथून मी दुकानात गेलो. तीन गिऱ्हाइके उभी होती. मी व्हॉल्व्हच्या दोन फाका काउंटरवर ठेवल्या. या वेळी आपटल्या नाहीत. शेठने बघितले आणि गिऱ्हाइकांना म्हणाला, पाच मिनिटे थांबा, घरचा माणूस आहे.

मी विचारले, हे काय आहे?

"न गळणारा," शेठ म्हणाला. "तूच मागितलास."

मी त्याची कॉलर धरणार होतो. पण हात उठला नाही. कारण तो चिडलेला नव्हता, घाबरलेला नव्हता. तो मला समजावत होता. "तुम्ही लोक चांगले व्हॉल्व्ह माझ्या टोपलीत आणून टाकायचात. कंपनी परत घेत नाय. मी खाडीत फेकू काय? बाजार म्हणतो गळायला नको, मी गळणं बंद केला. तुझा एक तरी गळला काय? सांग ना, गळला काय?"

वीस वर्षे या माणसाच्या दुकानात मी चहा प्यायलो. माझ्या मुलीच्या लग्नात तो पंगतीत वाढायला उभा होता. आणि तो मला विचारत होता, गळला काय. मी म्हणालो, एका बाईचा हात गेला असता, जीव गेला असता. तर म्हणाला, "बिल हाय काय तुझ्याकडं? कुठल्या दुकानातला हाय, कोन सांगेल?"

पोलीस ठाण्यातही हेच विचारले. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी दोन्ही फाका उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाले, हे विकत घेतल्याचा एखादा कागद आणा. अनंता कबूल करायला आला होता, पण त्याने कोणत्या दुकानासाठी रंगवले हे तोंडीच होते आणि टोपल्यांवर नाव नव्हते. शेठने दुसऱ्या दिवशी काउंटरखालची जागा झाडून तिथे रंगाचे डबे रचले. आयुष्यभर ज्या घासाघिशीची मी फुशारकी मारली तिनेच त्याला सोडवले.

घरी बसून मी आठवले. त्या पुडक्यांतले मी कुठे कुठे बसवले? वहीत नव्हते, डोक्यात होते. पेण, कासूच्या आसपास, रोहा. नईमभाईचे सोडून एकोणीस घरे. पान्हा आणि पक्क्या बिलाचे नवे व्हॉल्व्ह घेऊन मी निघालो.

लोक दारात उभे करीनात. दत्ता फुकट काही करतो यावर कुणाचा विश्वास नव्हता. कासूला एकाने विचारले, व्हॉल्व्ह बदलून पुढे काय विकणार आहेस? ते गुरुजी म्हणाले, गळत नाही ते चालू आहे, चालू आहे ते हलवू नये. मी त्यांना न्हाणीत नेले, त्यांचा व्हॉल्व्ह काढला आणि त्यांच्या देखत चिरला. करडा गोळा बाहेर आला. गुरुजी स्टुलावर बसले. त्यांची नात रोज सकाळी तिथे अंघोळ करते. मग त्यांनी नव्या व्हॉल्व्हखाली स्वतःच्या हाताने बादली ठेवली.

सतरा काढले. त्यांत सोळा बुजवलेले निघाले. अठराव्या घराचे मालक मुंबईला असतात, बंगला खाडीच्या बाजूला, कुलूपबंद. फोनवर म्हणाले, सुट्टीला येऊ तेव्हा बघा. मी म्हणालो, साहेब, आल्यावर पहिले बटण तुम्ही तेच दाबाल. त्यांना वाटले मी धमकी देतोय. शेवटी राखणदाराच्या हातापाया पडून मी मुख्य वीज बंद करवली आणि दारावर खडूने लिहिले, गिझर चालू करू नका. एकोणिसावे घर विकले गेले. नव्या माणसाने कुंपणाच्या आत घेतले नाही. तिथे मी आठवड्यातून एकदा जातो. तो आता मला बघितले की कुत्रे सोडतो.

रेहानाचा हात बरा झाला आहे, पण कोपरातून पुरता वळत नाही. नईमभाईने आखातातून फोन केला. शिवी दिली नाही. पाइप कसा होता एवढेच विचारले. मी म्हणालो, सरळ होता, कोरडा होता. त्याने फोन ठेवला.

ज्यांच्या घरी गिझर आहे त्यांनी हे वाचून एक करावे. आधी वीज बंद करून पाणी निवू द्या. मग व्हॉल्व्हची कडी उचला. पाइपातून पाणी यायलाच हवे. आले नाही तर बटणाला हात लावू नका आणि चांगला माणूस बोलवा. टाकी तापताना ठिबकली तर ठिबकू द्या. आणि व्हॉल्व्ह फारच चमकत असेल तर नखाने खरवडून बघा.

शेठ, हा अंक तुमच्या गल्ल्याशेजारी दर दिवाळीला असतो, म्हणून तुम्हीही वाचालच. माझ्या वाट्याचा जाब मी देतो आहे, दारोदार, आणि तो अजून संपलेला नाही. पण अनंता सांगतो टोपल्या दोन होत्या. माझे एकोणीस एका टोपलीच्या तळालाही पुरत नाहीत. बाकीचे तुम्ही दुसऱ्या प्लंबरांना दिलेत, ज्यांना मी ओळखतो आणि जे मला विचारल्यावर खांदे उडवतात. मला तुमचा गुन्हा कबूल करून नको आहे, माफी नको आहे. ज्यांना ज्यांना दिलेत त्यांची नावे एका कागदावर लिहा, सही करू नका, आणि माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवा. त्या घरांत उद्या सकाळी कुणीतरी बटण दाबणार आहे. बाकीचे कुणाला विकलेत, शेठ? सांगा.